ग्रीसच्या शांत बेटांमध्ये आठवडाभर शिडाची बोट: लातूरहून सहा जण, कसं जमवावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी ग्रीसला जाऊन शिडाच्या बोटीवर एक आठवडा काढायचा विचार करायलोत. सहा जण आहोत: आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि सासू-सासरे. सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, चढ-उतार करताना गुडघे दुखतात. समुद्राची सवय कुणालाच नाही. पोहता फक्त दोघांना येतं.

सॅन्टोरिनी, मिकोनोसची गर्दी नको आहे. छोटी बेटं, संध्याकाळी धक्क्यावर बोट बांधायची, सकाळी स्वच्छ पाण्यात डुंबायचं, एवढंच हवंय. रोज आठ-आठ तास प्रवास करायचा नाही.

घरी शेती आहे. मृगात पेरणी आणि नवरात्राच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, त्यामुळे जून ते ऑक्टोबर घर सुटत नाही. मे महिना चालेल का? कोणता भाग धरावा? बोट चालवायला परवाना लागतो म्हणतात, तो आमच्याकडे नाही. खर्चाचा खरा आकडा काय? आणि चौघं पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांचं कसं? जाणकारांनी सविस्तर सांगा.

---

शिडवारा

ताई, तुमच्या अटी वाचल्या तर उत्तर एकच निघतं: ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र, त्यातही लेफ्काडा बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला आतला भाग. मेचा दुसरा पंधरवडा तिथं उत्तम.

कारण वारा. ग्रीसच्या पूर्वेला एजियन समुद्र आहे. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आकाश निळंशार, ऊन पडलेलं, आणि वारा मात्र बोफोर्ट मापाने ६-७, म्हणजे २२ ते ३३ नॉट (ताशी सागरी मैल), तोही सलग तीन-चार दिवस. इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया ही छोटी सिक्लाडीस बेटं फार देखणी आणि शांत आहेत, पण त्यांच्यामधला समुद्र उघडा आहे. पहिल्यांदाच बोटीवर बसणाऱ्या ज्येष्ठांना तिथं नेऊ नका.

आयोनियनचा वारा वेगळा. सकाळी पाणी तळ्यासारखं स्थिर असतं. दुपारी बाराच्या पुढं जमीन तापली की वायव्येकडून मायस्त्रो सुरू होतो, साधारण बोफोर्ट ३ ते ५, आणि सूर्य मावळला की बसतो. म्हणून दिवसाचं गणित सोपं: नाश्ता करून नऊ-दहाला निघा, वाटेत एखाद्या खाडीत थांबून डुंबा, एक वाजता शिडं उभारा आणि तीनच्या आत मुक्कामाच्या धक्क्याला लागा. चारनंतर चांगल्या जागा भरतात. शिवाय बोट बांधायचं नाजूक काम नेमकं भर वाऱ्यात करावं लागतं.

मार्ग असा धरा. शनिवारी लेफ्काडाच्या मरीनात बोट ताब्यात येते, रात्र तिथंच काढा. रविवारी कालव्यातून दक्षिणेला उतरून मेगानिसी बेटावरचं स्पार्तोहोरी, ११ सागरी मैल. वाटेत स्कॉर्पिओस दिसेल. जहाजमालक अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांनी १९६८ साली जॅकलिन केनेडी यांच्याशी लग्न केलं ते बेट हेच. ते खासगी आहे, बोटीतूनच बघायचं. सोमवारी कालामोस, १० मैल. मंगळवारी कास्तोस, जेमतेम ५ मैल. हा दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. कालामोसच्या दक्षिणेला पोर्तो लिओने नावाचं गाव आहे, १९५३ च्या भूकंपानंतर लोक ते सोडून गेले. पडक्या घरांखालच्या खाडीत नांगर टाकून दुपार काढता येते. बुधवारी इथाकावरचं किओनी, १२ मैल. गुरुवारी लेफ्काडाच्याच दक्षिण टोकाजवळचं सिवोटा, ११ मैल. शुक्रवारी परत मरीना, १५ मैल.

एकूण ६४ सागरी मैल, म्हणजे सहा दिवसांत १२० किलोमीटरच्या आसपास. बोटीचा वेग ५ नॉट धरला तर रोज दोन-सव्वादोन तासच प्रवास.

केफालोनिया बेटावरचं फिस्कार्डो गाव मी मुद्दाम गाळलंय. १९५३ च्या भूकंपातून वाचलेली तिथली जुनी व्हेनिशियन घरं सुंदर आहेत, पण मोसमात दुपारी एकलाच धक्का भरतो. तेच हवं असेल तर कालामोसचा मुक्काम सोडून एक दिवस तिकडं द्या.

मेमध्ये पाणी १९-२० अंशांवर असतं, उडी मारली की थंडीने दचकायला होतं. सप्टेंबरात तेच २५ पर्यंत जातं. पण तुमची शेती बघता मे योग्यच आहे, आणि तेव्हा भाडंही कमी असतं.

---

नांगर-दोर

वरच्या मार्गाशी सहमत. सप्टेंबर हुकतोय याचं वाईट वाटून घेऊ नका. शरदात तिथं वादळी पाऊस सुरू होतो. १७-१८ सप्टेंबर २०२० ला इयानोस नावाचं भूमध्य सागरी वादळ याच बेटांवर, झाकिन्थोस-केफालोनिया-इथाकावर आदळलं होतं.

आता परवाना, बोट आणि पैसे.

स्वतः बोट चालवायला ग्रीसमध्ये मान्य परवाना असलेला एक माणूस लागतो, शिवाय बोटीचा अनुभव असलेला दुसरा. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, त्यामुळे बोट चालवणारा स्किपर घ्या. दिवसाला १८० ते २५० युरो आणि जेवण तुमचं. स्किपरला स्वतंत्र केबिन द्यावीच लागते, इथं बरेच जण चुकतात. तीन जोडप्यांसाठी तीन केबिनची बोट ठरवली की स्किपर बैठकीच्या बाकावर झोपतो, सकाळी सहाला सगळेच जागे होतात आणि दिवसभर सुकाणूवर बसणाऱ्या माणसाची झोप मोडते. म्हणून चार केबिन आणि दोन संडास असलेली ४४ ते ४६ फुटी बोट बघा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दोन जागा अडचणीच्या. साध्या, एका बुडाच्या बोटीत डेकवरून आत उतरायला पाच-सहा उभ्या पायऱ्या असतात. त्या शिडीसारख्या पाठ वळवून, दोन्ही हातांनी धरूनच उतरायच्या. दुसरी म्हणजे पासरेल, बोटीच्या मागच्या टोकावरून धक्क्यावर टाकलेली अरुंद फळी. तिच्यावरून जाताना एका माणसाने धक्क्यावर आणि एकाने बोटीवर उभं राहून हात द्यायचा. दोन बुडांची कॅटामरान घेतली तर बैठक आणि मागचा डेक एकाच पातळीवर येतात आणि झुकावही जवळपास नसतो, पण भाडं दीडपट-दुप्पट, आणि रुंदीमुळे छोट्या धक्क्यांवर जागा मिळणं अवघड. कास्तोसचा धक्का लहान आहे. गुडघ्यांचा त्रास जिना चढण्यापुरता असेल तर साधी बोट पुरेल. बसल्यावर उठताना आधार लागत असेल तर मात्र कॅटामरानवर खर्च करा.

मेचा साधारण हिशेब, ४५ फुटी साध्या बोटीसाठी:

बोटीचं भाडं २,८०० युरो
स्किपर ७ दिवस १,४००
स्किपरचं जेवण २००
शेवटची सफाई आणि चादरी १८०
डिझेल १००
धक्का, पाणी, वीज १००

बेरीज ४,७८०, म्हणजे माणशी ८०० युरोच्या आत-बाहेर. रोज एक वेळ तावेर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, जेवलात तर आठवड्याचे माणशी १५० आणि किराण्याचे ६५ वेगळे. युरो शंभर रुपयांना धरला तर विमान आणि व्हिसा सोडून लाखभर रुपये.

याशिवाय अनामत रक्कम, दोन ते तीन हजार युरो. क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि बोट धड परत दिली की सोडतात. तुमच्या कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहार चालू आहे का, हे लातुरातच तपासा. मरीनात शनिवारी संध्याकाळी बँकेशी बोलता येत नाही. अनामतीऐवजी परत न मिळणारा विमा भरायचा पर्यायही असतो. स्किपर घेतल्यावर तो भरणं मला योग्य वाटतं.

बोट ताब्यात घेताना घाई करू नका. फेंडर (बोट धक्क्याला आपटू नये म्हणून मधे घालायच्या फुगीर उशा) किती, दोर किती आणि कुठं झिजलेले, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन सुरू होतं का, दोन्ही संडासांचे पंप चालतात का, हे बघा. बुडाच्या वरचे ओरखडे मोबाईलवर टिपून ठेवा. लाइफजॅकेट प्रत्येकाने तिथंच घालून पट्टा आपल्या मापाचा करायचा. पोहता न येणाऱ्यांनी बोट चालू असताना ते काढायचंच नाही.

---

मांजराकाठ

शिडवारा, नांगर-दोर, दोघांचेही मनापासून आभार. मार्ग आणि हिशेब दोन्ही कागदावर उतरवून घेतले. स्किपर असला तरी आम्हाला काय काम पडेल? नुसतं बसून राहावं लागतं की मदत करावी लागते? आणि उलटीचं काय, जाऊबाईंना बाळाघाटच्या घाटवळणातसुद्धा मळमळतं.

---

नांगर-दोर

मदत लागते, आणि ती दिवसातून एकदाच, पण नीट लागते: धक्क्याला लागताना.

ग्रीसमध्ये बोट आडवी लावत नाहीत. नाकाकडून नांगर टाकून मागे मागे येत पाठ धक्क्याला बांधतात. तुमची बोट १४ मीटर लांब, म्हणजे धक्क्यापासून तीन बोटींच्या अंतरावर, ४०-४५ मीटरवर नांगर सोडायचा. एक जण नाकावर विंडलासच्या (नांगराची साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राच्या) बटणापाशी, दोघं मागे दोन कोपऱ्यांत दोर घेऊन, एक जण मोकळा फेंडर हातात घेऊन, आणि स्किपर सुकाणूवर. सासू-सासऱ्यांनी या वेळी खाली बैठकीत बसावं.

बोट मागे येऊ लागली की साखळी सारखी सोडत राहायची. अडवून धरली तर नांगर तळावर घासत येतो आणि रुतत नाही. अर्ध्याहून जास्त अंतर कापल्यावर स्किपर सांगेल तेव्हा थांबवायची, साखळी ताणली की नांगर धरला असं समजायचं. आधी वाऱ्याच्या बाजूचा मागचा दोर धक्क्यावर जाऊ द्या, मग दुसरा. पाठ धक्क्यापासून दीड-दोन मीटर दूर ठेवायची, नाहीतर फेरी गेल्यावर येणाऱ्या लाटेने बोट मागे आपटते.

बिघडतं ते असं. नांगर फार जवळ टाकला जातो, मग रात्री वारा फिरला की तो ओढत येतो. किंवा शेजाऱ्याच्या साखळीवर पडतो आणि सकाळी दोघांच्या साखळ्या गुंततात. साखळी पेटीत ढीग होऊन अडकते, तेव्हा झाकण उघडून ढीग पाडायचा, पण बटणावरचा हात काढूनच. विंडलास अचानक बंद पडला तर बहुतेक वेळा त्याचा सर्किट ब्रेकर उडालेला असतो. तो कुठल्या केबिनमध्ये आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. नांगर वर घेताना इंजिन चालू हवं, नाहीतर बॅटरी उतरते. आणि बोट नांगराकडे न्यायची ती इंजिनने, विंडलास फक्त ढिली साखळी गोळा करण्यासाठी.

स्पार्तोहोरी आणि सिवोटासारख्या ठिकाणी तावेर्नाच्या धक्क्यावर तळाशी बांधलेले तयार दोर असतात, तिथं नांगर टाकत नाहीत. तो दोर उचलताना इंजिन न्यूट्रलवर असलाच पाहिजे, पंख्यात गुंतला तर पाणबुड्याशिवाय सुटत नाही. अशा धक्क्यांवर बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण तिथं घेतलं की बांधायचे पैसे घेत नाहीत.

किओनीत धक्का भरलेला असेल तर स्किपर दफनभूमीच्या खालच्या कडेला नांगर टाकून मागचे दोर खडकांना बांधेल. तिथं जायला डिंगी लागते, म्हणून सासूबाईंसाठी त्या दिवशी लवकर पोचणं जास्त गरजेचं.

नांगर वाळूत टाकायचा, गडद पट्ट्यात नाही. गडद दिसतं ते पोसिडोनियाचं समुद्री गवत. त्यात नांगर धरत नाही आणि ते गवत संरक्षितही आहे.

हात-पाय घालून बोट कधीही अडवू नका. दहा-बारा टनांची बोट हळू आली तरी मनगट मोडतं. मधे फेंडर घाला.

---

शिडवारा

मळमळीसाठी: घाटात गाडी लागते त्यांना बोट लागेलच असं नाही, पण तयारी ठेवा. प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर नक्की विचारा. गोळी मळमळ सुरू झाल्यावर उपयोगाची नाही, निघण्याआधी घ्यावी लागते. झोप येते, म्हणून घरीच एकदा घेऊन बघा.

बोट चालू असताना जाऊबाईंनी केबिनमध्ये उतरायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. मागच्या डेकवर बसून क्षितिजाकडं बघायचं. रिकामं पोट जास्त त्रास देतं, म्हणून कोरडी भाकरी किंवा टोस्ट खायचा. बरं वाटेनासं झालं तर त्यांच्या हाती सुकाणू द्या. चालवणाऱ्याला क्वचितच लागतं.

---

भाजणीचा डबा

जेवणाचं मी सांगते. ताई, चौघं शाकाहारी असले तरी अजिबात घाबरू नका.

ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मात उपवासाचे दिवस पुष्कळ, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. म्हणून त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातच शाकाहार मुरलेला आहे. तावेर्नात ‘निस्तिसिमो’ विचारा, म्हणजे उपवासाचं, पण त्यात कोळंबी-शिंपल्यांसारखं चालतं, म्हणून खात्री करून घ्या. दुसरा शब्द ‘होरिस क्रेआस’, मांसाशिवाय. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कांदा आणि ऑलिव्ह तेल, सासऱ्यांना ओळखीचं वाटेल. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे. ब्रियाम म्हणजे वांगं-बटाटा-दोडक्यासारख्या भाज्या भट्टीत शिजवलेल्या. होर्ता ही उकडलेली रानभाजी, वर लिंबू. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, पण त्यात कधी खिमाही असतो, विचारूनच मागवा. तिखट मात्र कशातच नाही, म्हणून काळा मसाला आणि चटणी सोबत हवीच.

सामानात काय न्यावं: ज्वारीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, तूरडाळ, पोहे, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, कोरडे मसाले. हे चालतं. काय नेऊ नये: तूप, पेढे, खवा, पनीर, दूध पावडर. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबीरही रोपांच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. कढीपत्ता सावलीत सुकवून चुरा करून मसाल्यात आधीच मिसळा. तुपाऐवजी तिथलं लोणी घ्या, आणि दही तर त्यांचं आपल्या चक्क्याच्या तोडीचं.

बोटीवर दोन किंवा तीन बर्नरची शेगडी असते, छोट्या सिलिंडरवर. ती झोके घेत समतोल राहते, पण त्यावर भाकरी थापून टाकायला बोट धक्क्यालाच हवी. तवा घरून न्या, बोटीवर फ्रायपॅन असतं, तवा नसतो. ३ लिटरचा कुकर न्या, वरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर वाफेने छतावरून पाणी ठिबकतं. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा कॉक डेकवरच बंद करायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि वास यायला उशीर होतो.

पाण्याचा हिशेब लातूरकरांना शिकवायला नको, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे ते. सात माणसं, दिवसाला माणशी १५ ते २० लिटर, टाकी साधारण ५०० लिटर: चार दिवस काटकसरीने जातात, पण तिसऱ्या दिवशी भरायची तयारी ठेवा. कालामोस-कास्तोसवर पाणी मिळेलच असं धरू नका. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळायची, मग गोड्या पाण्याची एक धार. पिण्याचं पाणी बाटलीबंद, लेफ्काडातच माणशी रोजचे ३ लिटर भरून घ्या.

संडासात कागद टाकायचा नाही, कधीच नाही. नळी चोंदली की सुटी तिथंच संपते. आपल्याला पाणी लागतं, ते बेसिनच्या हँडशॉवरने भागतं. साठवण टाकीचा कॉक कधी उघडायचा ते स्किपरच ठरवेल, किनाऱ्यापासून लांब गेल्यावर.

---

पैठणकर

एक पर्याय नोंदवतो. लेफ्काडाला जायला अथेन्सपासून पाच-सहा तास बस लागते, ती नको असेल तर सारोनिक आखात बघा. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून निघून एजिना, अगिस्त्री, पोरोस. एजिनाला पिस्त्याच्या बागा आणि अफाइआचं मंदिर आहे. जुन्या एपिदाव्रोसच्या बंदरातून टॅक्सीने इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृह बघून येता येतं. वेरूळचं कोरीवकाम बघत वाढलेल्यांना ते नक्की भावेल. मेल्तेमीचा जोरही तिथं सिक्लाडीसपेक्षा कमी.

तोटा असा की शनिवार-रविवार अथेन्सची मंडळी याच बेटांवर येतात, आणि तिथल्याच हिद्रा बेटाच्या छोट्या बंदरात नांगरांचा गुंता ठरलेला.

---

शिडवारा

पैठणकर यांचा पर्याय देवळं आणि नाट्यगृह बघायचं असेल तर चांगला. ताईंना शांतता हवी आहे, म्हणून मी लेफ्काडावरच ठाम आहे. बसचा त्रास कमी करायचा तर शुक्रवारी अथेन्सला उतरून रात्र हॉटेलात काढा आणि शनिवारी सकाळी किफिसोस बसस्थानकावरून लेफ्काडाची बस धरा. रिओ-अँटिरिओच्या पुलावरून ती जाते. बोट संध्याकाळी पाचला मिळते, त्यात वेळ जुळतो. लेफ्काडाला फेरी लागत नाही, तरंगत्या पुलाने ते जमिनीला जोडलेलं आहे.

परत येताना शुक्रवारी संध्याकाळी बोट मरीनात हवी आणि शनिवारी नऊपर्यंत रिकामी. परतीचं विमान शनिवारी ठेवू नका, रविवारचं घ्या.

---

मांजराकाठ

लेफ्काडा नक्की. व्हिसाला बोटीचा करार राहण्याचा पुरावा म्हणून चालतो का? आणि सुटकेस किती आणाव्यात?

---

नांगर-दोर

करारात सहाही जणांची पासपोर्टप्रमाणे नावं असलेली यादी मागून घ्या आणि अर्जाला जोडा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींचं हॉटेल वेगळं दाखवा, एकही रात्र मोकळी सोडू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, व्हिसा शुल्क मोठ्यांना ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी फेब्रुवारीतच करा, उन्हाळ्यात मुंबईत तारखा मिळत नाहीत. सासऱ्यांच्या नावावर शेती असेल तर सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा, आयकर विवरण नसलं तर त्याचा आधार होतो.

सुटकेस एकही नको. कडक पेटी बोटीत कुठंच मावत नाही. कापडी, घडी होणाऱ्या बॅगा आणा, माणशी एक, दहा-बारा किलोच्या. चाकं नसलेल्या असल्या तर आणखी बरं. डेकवर घालायला पांढऱ्या तळव्याचे बूट, काळ्या तळव्याचे डाग पडतात आणि सफाईच्या पैशांत धरले जातात. साखळी-दोरासाठी हातमोज्यांच्या दोन जोड्या, आणि सासूबाईंना नाडीचे, घट्ट बसणारे बूट. फळीवरून चप्पल घालून जाऊ देऊ नका.